अळूतले डोळे

अनितानं अळूचं पान देठाशी धरून खुडलं आणि तसाच हात झटकला. मधल्या बोटाला चटका बसला होता, निखाऱ्याला चुकून हात लागावा तसा. आधी खुडलेली पानं चिखलात पडली. ती उचलायला म्हणून ती वाकली, तर समोरच्याच देठावरून दोन डोळे तिच्याकडं बघत होते.

गोल, काळेभोर डोळे, भोवती पिवळट कडं. त्यामागं तपकिरी, खवल्याखवल्यांचं डोकं. तिचा धक्का देठाला लागला असावा, कारण ते डोकं टच्च फुगलं आणि सावकाश तिच्या बाजूला वळलं.

अनिता किंचाळली नाही. परसातून मागच्या दारापर्यंत ती कशी आली, वाटेतली बादली कुणी लवंडली, तिला काही कळलं नाही. दाराची चौकट हाताला लागली तेव्हा तिला थोडा श्वास घेता आला.

"आई, जनावर. अळूत आहे. चावलं मला."

साप हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. नाव घेतलं की येतं, असं मुक्ताबाईंचं म्हणणं. लग्न होऊन वडिवळ्यात आल्यावर अनिता सगळ्यात आधी हेच शिकली होती. जनावर म्हणायचं, फार तर लांबडं.

मुक्ताबाई चुलीपुढं बसून भोपळा चिरत होत्या. ऋषिपंचमीचा दिवस. बैलाच्या कष्टाचं आज काही खायचं नाही, परसात हातानं लावलेलं तेवढंच पातेल्यात जायचं, आणि त्यात अळू तर पाहिजेच. त्यांनी विळी बाजूला सारली आणि उठता उठता सुनेचा हात धरला.

"कुटं? दाव."

बोटाच्या पेरावर लाल टिपका होता. एकच. काटा टोचल्यावर येतो तेवढा.

"कैलास," मुक्ताबाईंनी हाक मारली, पण आवाज त्यांचा वाटला नाही. "गाडी काढ. आदी गाडी काढ."

कैलास लोणावळ्याला एका रिसॉर्टवर सुपरवायझर होता, गणपतीसाठी दोन दिवस घरी आलेला. आरतीचं ताट तसंच ठेवून तो बाहेर धावला. मुक्ताबाईंनी लुगड्याच्या काठाची चिंधी फाडायला घेतली, तर आतून अपेक्षा आली आणि तिनं आईचा हात धरला. अपेक्षा म्हणजे कैलासची धाकटी बहीण. पुण्यात प्राणिशास्त्र घेऊन एम.एस्सी. करत होती आणि तिच्या शिकण्याचा या घराला आजवर कधी उपयोग झाला नव्हता.

"बांधू नकोस आई, बोट जाईल तिचं. वहिनी, खाली बसा तुम्ही. हात अजिबात हलवू नका."

अनिता बसली. आपण आता मरणार, हे तिला अगदी स्पष्ट वाटत होतं. त्याच वेळी गॅसवर दूध ठेवलंय आणि ते उतू जाणार, हेही तिला आठवत होतं. दोन्ही गोष्टी सांगायला हव्या होत्या. पैकी कुठली आधी सांगावी ते तिला सुचेना.

शेजारचे अंबाजीआबा तोवर काठी घेऊन परसात शिरले होते. आसपास कुठंही जनावर निघालं की आबांनाच हाक जायची. काठीनं अळूची पानं बाजूला होत असल्याचा आवाज येत होता. बाहेर बाइक सुरू झाली. मुक्ताबाई मान खाली घालून काहीतरी पुटपुटत होत्या, आणि त्यांचे ओठ कापत होते हे अनितानं पाहिलं तेव्हा ती जास्तच घाबरली. सासूबाईंना घाबरलेलं तिनं कधी बघितलंच नव्हतं.

"अपेक्षे," परसातून आबांचा आवाज आला. "हितं ये बरं जरा."

त्या आवाजात हसू होतं.

आबांनी देठ मोडून पानासकट ओट्यावर आणलं आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली. देठाला बोटाएवढा जाड, तपकिरी जीव चिकटून होता. शेपटीला एक वाकडं शिंग. अपेक्षानं खराट्याची काडी घेऊन त्याला हळूच डिवचलं, तसं त्यानं पुढचं टोक आत ओढून घेतलं. मागचा भाग फुगला आणि त्यावर ते दोन डोळे उघडले.

"अगं बाई," अपेक्षा म्हणाली. "ही तर अळी आहे."

मग काय विचारता. आबा हसले. बाइक सुरूच ठेवून आत आलेला कैलास हसला, आणि सगळ्यांपेक्षा जास्त मुक्ताबाई हसल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. त्यातलं किती पाणी हसण्याचं होतं आणि किती आधीचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अळीनं पळवलं व्हय तुला?"

"चिंचवडला तिसऱ्या मजल्यावर वाढलेली पोर," आबा म्हणाले. "तिला जिकडंतिकडं लांबडंच दिसायचं."

हे खरंच होतं. आल्या वर्षी अनितानं मोटारीचा पाइप बघून सगळी आळी गोळा केली होती. पुढं एकदा गोठ्याच्या भिंतीला टांगलेली सायकलची ट्यूब बघून भर पावसात अंगणात उभी राहिली होती, आत यायलाच तयार नव्हती. माणूस भित्रं आहे असं एकदा घरानं ठरवलं, की त्याच्या भीतीला तिथं काडीची किंमत उरत नाही. उलट ती सगळ्यांच्या करमणुकीला येते. अनितालाही हे कळून चुकलं होतं आणि अलीकडं तीही स्वतःवर हसायला शिकली होती. आत्ताही ती हसली.

"गाडी बंद करू ना?" कैलासनं विचारलं. त्यानं तिला विचारलं नव्हतं, सगळ्यांना मिळून विचारलं होतं.

"कर की," मुक्ताबाई म्हणाल्या.

"पण आई, बोटाला आग होतेय," अनिता म्हणाली.

"हुणारच. अळू लय खाजरं हाय आपलं. माजं हात तर कोपरापातुर लाल हुत्यात." त्यांनी आतून चिंचेचा गोळा आणला आणि तिच्या बोटाला खसाखसा चोळला. चोळताना मायेनं हळूच फुंकरही घातली. "गप बस आता जरा. दूध मी बगते."

अनिता ओट्यावर भिंतीला टेकून बसली. पाऊस थांबला होता, पण पन्हळीतून थेंब पडत होते. धरणाच्या बाजूचे डोंगर ढगात गेले होते. अपेक्षानं अळीचे आठ-दहा फोटो काढले, मैत्रिणींना पाठवले, आणि मग तिला बोलल्यावाचून राहवेना.

"आबा, हे डोळे डोळे नाहीतच. नुसते ठिपके आहेत, अंगावरचे. खरं डोकं हे बघा, इथं पुढं, टाचणीच्या डोक्याएवढं. घाबरली की ते आत ओढून घेते आणि मान फुगवते. एका मोठ्या पतंगाची अळी आहे ही. संध्याकाळी फुलांपाशी भिरभिरतो ना, तो."

"पर ह्यिला कुनी शिकवलं हे?" आबांनी विचारलं. "ह्यिनं कुटं बगितली आसंल घोणस?"

"कुणी नाही शिकवलं. तिला माहीतसुद्धा नाही आपण कशासारख्या दिसतो ते." अपेक्षा मांडी घालून बसली. "असं समजा, फार फार वर्षांपूर्वी या अळ्या साध्याच होत्या. पक्षी यायचे, टिपून न्यायचे. पण सगळ्या अगदी सारख्या नसतात ना. एखादीच्या अंगावर जरासा काळा ठिपका. पक्षी चोच मारायला आला आणि तेवढ्यानं क्षणभर दचकला. तेवढ्यात ती वाचली. तिची पिल्लं झाली, त्यांच्यात तो ठिपका आला. कुणाचा लहान, कुणाचा मोठा. मोठ्या ठिपक्याच्या जास्त वाचल्या. असं पिढ्यान् पिढ्या. कुणी काही ठरवलं नाही. जिला बघून पक्षी जास्त दचकला तीच मागं उरली, आणि असं उरत उरत हे असं तोंड तयार झालं."

"मंजी पाखरांनीच घडीवली म्हना की."

"बरोबर. पाखरांच्या भीतीनं."

आबांना ते पटलं. त्यांनी अळीकडं वाकून बघितलं, पण हात लावला नाही.

"आनि पाखराला कळत न्हाई व्हय? जरा थांबून नीट बगितलं तर?"

"थांबून बघणारी पाखरं उरली नाहीत ना, आबा. दहादा ही अळी असेल, पण एकदा तरी खरंच जनावर असणार. नुसतं भिऊन पळालं तर पाखराचा एक घास जातो. न भिता चोच मारली तर जीव जातो. म्हणून तर हे सोंग चालतं. जिथं खरं जनावर नाहीच, तिथं या डोळ्यांना कोण भीक घालणार? आसपास खरं असावं लागतं."

अनिता ऐकत होती. बोटाची आग आता बोटापुरती राहिली नव्हती. ती तळहातात उतरली होती आणि मनगटाकडं निघाली होती. हरतालिकेला भरलेल्या हिरव्या बांगड्या कालपर्यंत कोपरापर्यंत सरकायच्या. आता त्या मनगटावर रुतून बसल्या होत्या. तिनं डाव्या हातानं एक फिरवून बघितली. फिरेना.

"अपेक्षा," तिनं विचारलं, "ही चावते का?"

"छे हो वहिनी. पान कुरतडण्यापुरतं तोंड असतं तिला. शेपटीचं शिंगसुद्धा मऊ आहे, बघा." अपेक्षानं ते बोटानं वाकवून दाखवलं. "विषारी नाही, काही नाही. खुशाल हातावर घ्या."

"मग हे?"

"ते अळूचं. चिंच लावलीये ना, उतरेल."

अनितानं बोटाकडं बघितलं. अळू तिनं याआधीही खुडलं होतं, चिरलं होतं. अळूची खाज पसरट असते, हातभर हुळहुळते. एका टिपक्यातून सुरू होत नाही. हे तिला कळत होतं. पण आत्ताच सगळे पोटभर हसले होते, आत्ताच सगळ्यांच्या जिवात जीव आला होता. पुन्हा उठून तेच सांगायचं? पाइप, ट्यूब, अळी आणि आता अळूचं पान. पुढच्या दिवाळीपर्यंत चेष्टा पुरली असती. आणि दुसरं असं, की तिलाही ती अळीच असायला हवी होती. तिनं स्वतःला चार वेळा सांगून बघितलं, अळी होती, अळीच होती. हाताची सूज मात्र चढतच गेली.

तोंडात कसंतरी होत होतं म्हणून ती उठून मोरीवर गेली. चूळ भरली. मोरीच्या पांढऱ्या फरशीवर पाणी पडलं ते गुलाबी होतं. तिनं पुन्हा चूळ भरली. पुन्हा गुलाबी. हिरडीवरून जीभ फिरवली तर खारट लागली.

आता मात्र भीती निराळीच होती. मघाची पळायला लावणारी होती. ही गप्प होती आणि तिला काय करायचं ते नीट ठाऊक होतं.

कैलास गणपतीपुढं समईत तेल घालत होता. ती त्याच्यामागं जाऊन उभी राहिली.

"अहो, मला दवाखान्यात न्या."

"अळीसाठी?" तो हसत वळला.

"मला भीती वाटतेय."

"तुला कधी वाटत नाही?" असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं. मग त्याची नजर तिच्या हातावर गेली. बांगड्यांच्या वर मनगट टम्म झालं होतं. त्यानं तेलाची बुधली खाली ठेवली.

"चल," तो म्हणाला. "दाखवून तर येऊ."

मुक्ताबाईंना ते काही फारसं पटलं नाही. सणाच्या दिवशी उंबरा ओलांडून दवाखाना, तोही अळूच्या खाजेला. पण त्यांनी अडवलं नाही. उलट सुनेच्या डोक्यावरून पदर नीट करून दिला आणि म्हणाल्या, "जा बाई, तुज्या मनाची तरी शांती हू दे."

कामशेतला हायवेला लागल्यावर गाड्यांची रांग होती. सुट्टी साधून लोणावळ्याला निघालेली, आणि लोणावळ्याहून परत निघालेली. कैलास कडेकडेनं बाइक काढत होता. अनितानं उजवा हात मांडीवर ठेवला होता आणि डाव्या हातानं त्याचा शर्ट घट्ट धरला होता. खड्डा आला की आग खांद्यापर्यंत जायची. तोंडात साठलेलं गिळायचं की थुंकायचं एवढाच विचार ती करत होती.

तळेगावच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी हात उलटसुलट करून बघितला.

"काय झालं?"

"अळू खुडत होती," कैलास म्हणाला. "त्यात अळी होती. आम्ही बघितली, फोटो आहे. बहीण शिकलेली आहे माझी, ती म्हणाली साधी अळी आहे म्हणून. अळू खाजरं आहे आमचं." बोलता बोलता त्यानं फोनवरचा फोटो काढून दाखवलासुद्धा.

"ॲलर्जी असेल," बाई म्हणाल्या आणि पेन उचललं. "इंजेक्शन देते. तासाभरात उतरेल."

अनितानं टेबलाची कड धरली.

"डॉक्टर, साप होता."

कैलासनं चमकून तिच्याकडं बघितलं. ते नाव तिच्या तोंडून त्यानं लग्नानंतर प्रथमच ऐकलं.

"तुम्ही बघितला?"

"नाही. बघितली ती अळीच. पण अळी चावत नाही. मला जे चावलं ते मी बघितलेलं नाही." तिचा आवाज कापत होता, तो तिनं कापू दिला. "मी भित्री आहे, घरी कुणालाही विचारा. पण चूळ भरली की रक्त पडतंय माझं."

डॉक्टरीण बाईंनी पेन खाली ठेवलं. टॉर्च घेऊन तिच्या हिरड्या बघितल्या, मग बोटाचं पेर उजेडात धरून कितीतरी वेळ बघितलं. त्यांनी सिस्टरना हाक मारली. डाव्या हाताचं रक्त काढून काचेच्या कोऱ्या नळीत घेतलं आणि नळी स्टँडवर उभी करून ठेवली.

"आता हिला कुणी हलवायचं नाही. थोड्या वेळानं तिरकी करून बघायची. रक्त नीट असेल तर गोठेल, खाली येणार नाही."

ती दोघं त्या नळीकडं बघत बसली. कैलासनं बायकोच्या हातातल्या बांगड्या सिस्टरच्या चिमट्यानं एकेक वाढवून घेतल्या. एवढंच काय ते काम होतं, आणि तेही संपलं. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. अनिता मनातल्या मनात त्या रक्ताला सांगत होती, गोठ. बाबा, गोठ.

डॉक्टरीण बाई आल्या, त्यांनी नळी उचलली आणि तिरकी केली. रक्त पाण्यासारखं सरळ एका बाजूला आलं.

मग एकदम सगळीच धावपळ झाली. पलंग, सलाइन, औषधाच्या बाटल्या. बाई भराभर सूचना देत होत्या, पण चेहऱ्यानं शांत होत्या. "वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "घोणस असणार, पिल्लू असेल. या दिवसांत निघतात. एकच दात लागला म्हणून बरं. घाबरू नका, औषध सुरू झालंय." मग कैलासकडं वळून त्यांनी विचारलं, "मारला का तुम्ही तो?"

"कोण?"

"साप. सापडला का नंतर?"

शोधला कुणी होता? अळी दिसली तशी आबांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. कैलासनं पलंगाकडं बघितलं, तर अनिता त्याच्याकडंच बघत होती.

"घरी फोन लावा," ती म्हणाली.

त्याच्या बोटांना नंबर सापडेना. दोनदा भलताच लागला. तिसऱ्यांदा घंटी वाजली, वाजत राहिली, आणि शेवटी पलीकडून मुक्ताबाईंचा आवाज आला.

"हां, बोल रं. काय म्हनला डाक्टर? अळीच ना?"

कैलासनं फोन अनिताच्या कानाला धरला.

"आई, तुम्ही कुठं आहात?"

"कुटं म्हंजी? अळूत. भाजी न्हाई का करायची? पदराचा वटा भरत आलाय माजा."

अनितानं डोळे मिटले. आवाज चढवायचा नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"पायात काही आहे?"

"चिकलात कसल्या चपला?"

"आई, हात वर घ्या. पानांना लावू नका. आणि आहात तिथंच उभ्या राहा. पाऊल उचलू नका. मी यांना इथल्या फोनवरून अपेक्षाला कळवायला सांगते, ती आणि आबा काठी घेऊन येतील."

ती सासूबाईंच्या हसण्याची वाट बघत राहिली. फोनमध्ये पन्हळीचे थेंब पडत होते. कुठंतरी आरतीची कॅसेट लावली होती. एका पानावरून पाणी घरंगळल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

"बरं," मुक्ताबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, अगदी बारीक आवाजात, "पोरी, तू फोन ठिवू नगंस."